निनवेच्या समासात

१

नहूमच्या पुस्तकात ४७ वचने आहेत आणि योनाच्या पुस्तकात ४८. दोन्ही पुस्तके एका बैठकीत सहज वाचून होतात. दोन्हींचा विषय एकच आहे : निनवे हे अश्शूरच्या बलाढ्य साम्राज्याचे नगर आणि त्या नगराच्या विनाशाचे भाकीत. नहूमच्या पुस्तकात ते भाकीत खरे ठरणार याविषयी कवीच्या मनात तिळमात्र शंका नाही. योनाच्या पुस्तकात ते खरे ठरत नाही, आणि ज्याच्या तोंडून ते वदवले गेले तो माणूस त्यामुळे संतापतो. हिब्रू बायबलमध्ये प्रश्नाने संपणारी हीच दोन पुस्तके आहेत, याकडे अभ्यासकांनी अनेकदा लक्ष वेधले आहे. नगर एक, प्रश्न दोन. आणि एका प्रश्नाला होकार देणाऱ्या वाचकाला दुसऱ्यापाशी अडखळावे लागते, अशी त्यांची रचना आहे.

मराठीच्या एका प्राध्यापकांनी (त्यांना निवृत्त होऊन आता बराच काळ लोटला आहे) ही पुस्तके विद्यार्थिदशेत प्रथम वाचली. वसतिगृहात शेजारच्या खोलीत राहणाऱ्या एका ख्रिस्ती मित्राने शिक्षण संपवून गावी परतताना आपली ‘पवित्र शास्त्रा’ची प्रत त्यांना दिली होती. प्रश्न श्रद्धेचा नव्हता. रेव्हरंड टिळकांची कविता आणि लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्या त्या तरुणाला त्या घरातील भाषेचा एक उगम पाहावासा वाटला, एवढेच. ती प्रत अजून त्यांच्या संग्रही आहे. नहूमच्या तिसऱ्या अध्यायाशेजारच्या समासात पेन्सिलीने लिहिलेल्या तीन नोंदी आहेत. पहिली १९६८ सालची : ‘मॉस्को’. त्या ऑगस्टमध्ये प्रागच्या रस्त्यांवर रणगाडे उतरले होते. दुसरी १९७१ सालची : ‘वॉशिंग्टन’. बांगलादेशाच्या युद्धाच्या अखेरच्या दिवसांत अमेरिकेच्या सातव्या आरमाराची जहाजे बंगालच्या उपसागराकडे निघाली होती. तिसरी १९७५ सालची. तेथे केवळ ‘दि.’ असे अक्षर आहे. आणीबाणीत पेन्सिलीलाही दिल्लीचे पूर्ण नाव लिहिण्याचा धीर झाला नव्हता.

एका वाचकाने केलेले हे अर्थनिर्णयन आहे. ते चुकीचे आहे असे सहसा कोणी म्हणणार नाही. साम्राज्याला उद्देशून लिहिलेली कविता पुढच्या प्रत्येक साम्राज्याला लागू पडावी, यातच तिचे सामर्थ्य आहे असे आपण मानतो. परंतु त्याच प्रतीत काही पाने मागे योनाचे पुस्तक आहे आणि त्याचा समास मात्र पूर्ण कोरा आहे. एकाच नगराविषयीच्या दोन संहितांपैकी एक वाचताना वाचकाला नावे सुचतात आणि दुसरी वाचताना एकही सुचत नाही, ही गोष्ट वाटते तितकी किरकोळ नाही.

२

नहूमचा आनंद समजून घ्यावयाचा तर अश्शूरची सत्ता काय होती हे पाहावे लागते. इ.स.पू. आठव्या शतकाच्या उत्तरार्धात तिग्लथ-पिलेसर तिसरा याच्या राजवटीपासून या साम्राज्याने जिंकलेल्या लोकांना मुळासकट उपटून दूरच्या प्रांतांत नेऊन टाकण्याचे धोरण पद्धतशीरपणे राबविले. इ.स.पू. ७२२ च्या सुमारास शोमरोन पडले आणि इस्राएलचे उत्तरेकडील राज्य नकाशावरून पुसले गेले. ७०१ मध्ये सन्हेरीबाने यहूदाची तटबंदीची नगरे घेतली. त्यांपैकी लाखीश हे नगर कसे घेतले, ते त्याने निनवे येथील आपल्या राजवाड्याच्या भिंतींवर कोरून घेतले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ऑस्टिन हेन्री लेयर्ड यांनी उत्खननात काढलेली ती शिल्पे आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. त्यांत तटाला भिडवलेला उतरंडीचा बांध आहे, सुळावर चढविलेली माणसे आहेत. आणि बैलगाडीत किडूकमिडूक भरून, बायकामुलांसह गाव सोडून निघालेली कुटुंबेही आहेत. जेत्याने हे सारे अभिमानाने कोरविले. यरुशलेम त्याच्या हाती पडले नाही, तरी तेथील राजाला पिंजऱ्यातल्या पाखरासारखे कोंडल्याची फुशारकी त्याच्या लेखांत आहेच.

नहूमच्या कवितेत इजिप्तमधील थेब्ज या नगराच्या पाडावाचा उल्लेख आहे. तो पाडाव अश्शूरच्याच सैन्याने इ.स.पू. ६६३ मध्ये केला. निनवेचा शेवट ६१२ मध्ये, बाबेल आणि मेद यांच्या एकत्रित सैन्यांच्या सुमारे तीन महिन्यांच्या वेढ्यानंतर झाला. या दोन सालांच्या दरम्यान केव्हातरी ही कविता रचली गेली असावी. म्हणजे शिकार अजून जिवंत असताना शिकाऱ्याच्या मृत्यूचे हे वर्णन आहे. कवीची भाषा तुटक, धापा टाकणारी आहे. चाबकाचा आवाज, चाकांचा खडखडाट, उधळलेले घोडे, भाल्यांची लकाकी आणि मग प्रेतांचे ढीग अशी चित्रे क्रियापदाची वाट न पाहता एकामागून एक आदळतात. त्यातच सिंहाची प्रतिमा येते. अश्शूरचे राजे स्वतःला सिंह म्हणवीत आणि सिंहांच्या शिकारीची दृश्ये राजवाड्यांत कोरवीत. नहूम हीच प्रतिमा उचलतो आणि त्या सिंहाची गुहा आता कोठे आहे, असे विचारतो. सत्तेने स्वतःविषयी रचलेले काव्य तिच्यावरच उलटविण्याचे हे कौशल्य असामान्य आहे.

या कवितेचे दुसरे अंगही दृष्टीआड करता येत नाही. तिसऱ्या अध्यायात कवी निनवेला वेश्येचे रूप देतो आणि तिच्या जाहीर विटंबनेचे वर्णन करतो. स्त्रीवादी समीक्षेने यावर कठोर आक्षेप घेतले आहेत आणि ते रास्त आहेत. वेढा घालणारी सैन्ये जिंकलेल्या नगरांतील स्त्रियांवर जे करीत आली, तेच येथे रूपक म्हणून आणि न्याय म्हणून येते. पीडिताच्या सूडाची भाषा पीडकाच्याच कोशातून उसनी घेतलेली आहे.

आणि तरीही, या कवितेला नुसती सूडाची कविता म्हणून बाजूला सारणे हा सुरक्षित अंतरावर बसलेल्या वाचकाचा उद्धटपणा ठरेल. नहूम या नावाचा अर्थच सांत्वन असा आहे. ज्यांची गावे गेली त्यांना सत्ता शाश्वत नसते एवढे ऐकण्याचाही अधिकार नाही काय? अश्शूरच्या क्रौर्याची झळ लागली नाही असा कोण उरला आहे, अशा अर्थाच्या प्रश्नाने ही कविता संपते. निनवेच्या पतनाची बातमी ऐकून टाळ्या पिटणाऱ्यांच्या वतीने तो प्रश्न विचारलेला आहे. लाखीशच्या शिल्पातील बैलगाडीमागून चालणाऱ्या स्त्रीला त्या टाळ्यांबद्दल जाब विचारण्याचे धैर्य कोणाही समीक्षकाला होऊ नये.

३

परंतु भाकीत म्हणजे काय, हा प्रश्न येथे टाळता येत नाही. मराठी भाषांतरकारांनाही तो पडला असावा. जुन्या मराठी बायबलमध्ये ‘भविष्यवादी’ हा शब्द येतो. पुढे ‘संदेष्टा’ हा रूढ झाला. पहिला शब्द पुढे काय घडणार ते सांगणाऱ्याचा आहे, दुसरा निरोप पोचविणाऱ्याचा. मूळ हिब्रू शब्द ‘नाबी’ याचा संबंध अक्कादी भाषेतील हाक मारणे या अर्थाच्या धातूशी जोडला जातो. ज्याला हाक आली आहे तो नाबी. शब्दांच्या या निवडीत निरुपद्रवी वाटणारा फरक प्रत्यक्षात जीवनमरणाचा आहे, हे यिर्मयाच्या पुस्तकातील एका खटल्यावरून कळते.

यहोयाकीम राजाच्या कारकिर्दीच्या आरंभी यिर्मयाने मंदिराच्या अंगणात उभे राहून हे मंदिर आणि हे नगर उद्ध्वस्त होईल असा इशारा दिला. याजकांनी आणि इतर संदेष्ट्यांनी त्याला धरले आणि देहान्ताची मागणी केली. तेव्हा काही वडीलधाऱ्या मंडळींनी एक जुना दाखला काढला. सुमारे शंभर वर्षांपूर्वी मीखा या संदेष्ट्याने सियोन नांगरून टाकले जाईल असे सांगितले होते. हिज्कीया राजाने त्याला मारले नाही. तो देवाला भ्याला, आणि ते अरिष्ट टळले. मीखाचे शब्द त्या काळी खरे झाले नव्हते, आणि तरीही तो खोटा संदेष्टा मानला गेला नव्हता. उलट, न घडलेल्या अरिष्टाचा हा दाखला यिर्मयाच्या बचावाला आला आणि तो वाचला. त्याच अध्यायात उरीया नावाच्या दुसऱ्या संदेष्ट्याची हकीकत आहे. त्यानेही असाच इशारा दिला होता. तो इजिप्तला पळाला, राजाने त्याला तेथून पकडून आणविले आणि तलवारीने मारले.

याच्या शेजारी अनुवाद या पुस्तकातील कसोटी ठेवून पाहावी. तेथे नियम सरळ आहे : संदेष्ट्याचे बोलणे घडून आले नाही, तर ते देवाचे नव्हे. या कसोटीने मीखा नापास होतो. यिर्मयाच्याच पुस्तकात कुंभाराच्या चाकाचा जो प्रसंग आहे त्याने या कसोटीला मुरड घातली आहे. ज्या राष्ट्राविषयी विनाश बोलला गेला ते राष्ट्र वळले, तर बोललेला विनाशही मागे घेतला जातो. म्हणजे इशारा हे विधान नव्हे, ती कृती आहे. जे. एल. ऑस्टिन यांच्या वाक्कृतीच्या सिद्धान्ताशी परिचित असलेल्या वाचकाला हे लगेच ध्यानात येईल. टेरी ईगल्टन यांनी १९८८ साली ऑस्टिन आणि योना यांना एकत्र आणणारा एक छोटा निबंध लिहिला तोही याच वाटेने. विधान खरे किंवा खोटे असते. इशाऱ्याची गोष्ट वेगळी आहे. तो खोटा ठरावा यासाठीच दिला जातो, आणि तो तंतोतंत खरा ठरला तर कोणीतरी ऐकले नाही एवढाच त्याचा अर्थ होतो.

मराठी वाचकाच्या मनात या ठिकाणी शापाच्या कथा जाग्या होतात. परीक्षित राजाने ध्यानस्थ शमीक ऋषींच्या गळ्यात मेलेला साप टाकला आणि शृंगीने सात दिवसांत तक्षकाच्या दंशाने मृत्यू येईल असा शाप दिला. शमीकांना मुलाचे हे कृत्य आवडले नाही. त्यांनी शिष्याकरवी राजाला सावध केले. शाप मात्र मागे घेता आला नाही. आपल्या पुराणकथांत उच्चारलेला शब्द फोल होत नाही. फार तर त्याला उःशाप मिळतो. त्याची धार बोथट होते किंवा मुदत ठरते. परीक्षिताला मिळालेले सात दिवस चांगल्या मरणाच्या तयारीसाठी होते, आणि त्या सात दिवसांतून भागवताचे कथन उभे राहिले. निनवेला योनाने चाळीस दिवसांची मुदत दिली. तेथील राजाही सिंहासनावरून उतरून राखेत बसला. पण त्या चाळीस दिवसांनी शब्दच बदलला. शापाच्या संकेतात वाढलेल्या वाचकाला हे पचविणे सोपे नाही. आणि गंमत अशी की, खुद्द योनालाही ते पचत नाही.

४

अमित्तयाचा पुत्र योना हा बायबलच्या दुसऱ्या राजे या ग्रंथात एकदाच भेटतो. तेथे तो यराबाम दुसरा याच्या राज्यविस्ताराचे भाकीत करणारा, म्हणजे स्वराष्ट्राला हवे ते सांगणारा संदेष्टा आहे. योनाच्या पुस्तकाच्या कर्त्याने नायक म्हणून नेमका हाच माणूस निवडला. बहुतेक अभ्यासक या पुस्तकाची रचना बाबेलच्या बंदिवासानंतरची मानतात. तसे असेल तर लेखक आणि त्याचे पहिले वाचक यांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती : निनवे केव्हाच मातीला मिळाले होते. ज्या नगराचा नाश सर्वांना माहीत आहे त्याच नगराच्या बचावाची कथा येथे सांगितली जात आहे. वाचक हे विसरला, तर या पुस्तकातील उपरोध त्याच्या हातून निसटतो आणि उरते केवळ मोठ्या माशाची बालकथा.

योनाचा संदेश हिब्रूत अवघ्या पाच शब्दांचा आहे. त्यात कारण नाही, अट नाही, उपदेश नाही, देवाचे नावही नाही. इतक्या अनिच्छेने दिलेला संदेश बायबलमध्ये दुसरा सापडणे कठीण. पण त्याचे शेवटचे क्रियापद ज्या धातूपासून आले आहे त्याचे अर्थ दोन होतात. उलथून पडणे हा एक. सदोमाच्या नाशाला हाच धातू वापरला आहे. पालटणे हा दुसरा. अकराव्या शतकातील भाष्यकार राशी यांनी हा दुहेरी अर्थ नोंदवून ठेवला आहे. निनवे पालटले, म्हणजे भाकीत खरेही झाले. फक्त बोलणाऱ्याला अभिप्रेत असलेल्या अर्थाने नव्हे. शब्दाचा अर्थ त्याच्या उच्चारकाच्या ताब्यात राहत नाही, हे आधुनिक समीक्षेचे आवडते सूत्र येथे एका रुसलेल्या संदेष्ट्याची फजिती म्हणून आले आहे.

याहून सूक्ष्म असा एक धागा या दोन पुस्तकांना बांधतो. निर्गम या ग्रंथात देवाच्या गुणांचे एक सूत्र आहे. त्याच्या पूर्वार्धात करुणा आणि मंदक्रोध आहे, उत्तरार्धात अपराध्याला मोकळे न सोडण्याचा निर्धार. योना चौथ्या अध्यायात यातील करुणेचा भाग उच्चारतो, आणि तोही तक्रार म्हणून : तू असा आहेस हे मला ठाऊक होते, म्हणूनच मी पळालो. नहूम आरंभीच त्याच सूत्राला हात घालतो. मंदक्रोध ठेवतो, करुणेच्या जागी सामर्थ्य आणतो आणि अपराध्याला न सोडण्यावर भर देतो. एकाच वाक्याचे दोन तुकडे दोन कवींनी वाटून घेतले आहेत. आणि देवाने अरिष्टाचा बेत बदलला हे सांगण्यासाठी योनाच्या पुस्तकात जे क्रियापद येते, ते ‘नहूम’ या नावातील धातूचेच आहे. सांत्वन आणि अनुताप ही हिब्रूत एकाच मुळाची फळे आहेत.

योना श्रेष्ठ आणि नहूम कनिष्ठ, एक विश्वात्मक आणि दुसरा संकुचित, अशी विभागणी पूर्वी अनेक ख्रिस्ती भाष्यकारांनी केली. ती टिकणारी नाही. दोन्ही पुस्तके यहुदी परंपरेने एकाच गुंडाळीत, बारा संदेष्ट्यांच्या संग्रहात, जपली. हिब्रू क्रमात त्या दोहोंच्या मध्ये मीखा येतो. ज्याचा इशारा ऐकला गेला आणि म्हणून त्या वेळी खरा झाला नाही, तोच मीखा. योना वाचण्याचा दिवसही त्या परंपरेने ठरविलेला आहे. योम किप्पूरच्या उपवासाच्या दुपारी, स्वतःच्या वर्षभराच्या अपराधांचा हिशेब चाललेला असताना, सभास्थानांतून हे पुस्तक वाचले जाते. कोकणातून मुंबईत आलेल्या बेने इस्राएल समाजासाठी सामुएल दिवेकर यांनी १७९६ साली मांडवी भागात जे सभास्थान उभारले त्याचे नाव ‘शआर हारहमीम’, म्हणजे दयेचे द्वार असे आहे. ज्या दयेवर योना रुसला तिचेच नाव त्या दारावर आहे.

५

निनवेच्या समासात नावे लिहिण्याची खोड जुनी आहे. मृत समुद्राजवळील कुमरान येथे सापडलेल्या गुंडाळ्यांत नहूमवरील एक भाष्य आहे. त्याच्या कर्त्याला सातव्या शतकातील अश्शूरविषयी फारसे कुतूहल नाही. नहूमचा सिंह त्याला आपल्या काळाच्या जवळचा एक कोपिष्ट राजा वाटतो, आणि निनवेची निंदा तो यरुशलेममधील आपल्या विरोधी पंथावर चालवितो. तोबीतच्या पुस्तकातील प्रकार तर पाठचिकित्सेच्या अभ्यासकाला थांबवून ठेवणारा आहे. मरणोन्मुख तोबीत मुलाला निनवे सोडून जाण्यास सांगतो, कारण त्या नगराविषयीच्या भाकितावर त्याचा विश्वास आहे. ते भाकीत कोणाचे? सिनाय हस्तलिखितात नाव आहे नहूमचे. व्हॅटिकन हस्तलिखितात आहे योनाचे. टळलेल्या विनाशाच्या संदेष्ट्याला कोणीतरी अटळ विनाशाचा साक्षी करून टाकले. योनाचा समास कोरा ठेवणे वाचकांना किती जड जाते, याचा हा लिखित पुरावा आहे.

प्राध्यापकांच्या प्रतीत १९९१ साली आणखी एक खूण पडली. त्या डिसेंबरात सोव्हिएत संघ विसर्जित झाला आणि त्यांनी समासातील ‘मॉस्को’ या नावावर एक आडवी रेघ ओढली. तेवीस वर्षांनी भाकीत पूर्ण झाले होते. पुढे काही दिवसांनी घरातील पुस्तके आवरताना त्यांच्या हाती बालपणीची काही रशियन पुस्तके लागली. जाड गुळगुळीत कागद, रंगीत चित्रे, मराठी मजकूर, आणि पुस्तकाच्या अखेरीस मॉस्कोचा पत्ता. तालुक्याच्या गावी, जेथे दुसरे सचित्र पुस्तक मिळणे मुश्कील, तेथे ही पुस्तके काही आण्यांत मिळत. ज्या नगरावर त्यांनी रेघ ओढली होती त्याच नगरात कोणीतरी बसून एका मराठी मुलासाठी अस्वलाचे चित्र काढले होते. प्रागवरचे रणगाडे त्यामुळे खोटे ठरत नव्हते. रेघही चुकीची नव्हती. पण ती ओढताना झालेला आनंद मात्र त्यांना आता पुरा आठवेना.

‘दि.’ या अक्षराची कथा अधिक अवघड आहे. १९७५-७६ साली ते एका महाविद्यालयाच्या वार्षिकाचे संपादन पाहत. एका विद्यार्थ्याने दिलेली कविता त्यांनी छपाईला जाऊ दिली नाही. कोणी तसे सांगितले नव्हते. कोणी सांगेल अशी भीती होती, एवढेच. ती कविता फारशी चांगली नाही, असे त्यांनी त्या मुलाला सांगितले. आणि ती चांगली होती. त्याच सुमारास, रात्री खोलीचे दार लावून, त्यांनी नहूमच्या समासात ते अर्धे अक्षर लिहिले. पुढे कित्येक वर्षे त्यांना वाटत राहिले की ते अक्षर अर्धे राहिले ते भयामुळे. खरे कारण वेगळे होते. पूर्ण नाव लिहिले असते तर त्या नावात राहणाऱ्यांची यादीही करावी लागली असती, आणि त्या यादीत एका वार्षिकाच्या संपादकाचेही नाव आले असते. बलाढ्य नगर नेहमी दुसरीकडे असते, असे गृहीत धरल्याशिवाय नहूम वाचता येत नाही. योनाच्या पुस्तकात ही सोय नाही. त्यात आधी खलाशी पालटतात, मग निनवेचे लोक, मग राजा, गुरेढोरेसुद्धा गोणपाट पांघरतात, आणि शेवटी देवही आपला बेत बदलतो. न पालटलेला असा एकच उरतो : ज्याच्याजवळ संदेश होता तो.

६

इ.स.पू. ४०१ मध्ये झेनोफोन आपल्या ग्रीक सैन्यासह तिग्रिस नदीकाठाने परतत असताना एका प्रचंड, ओसाड तटबंदीजवळून गेला. त्याने तिचे नाव मेस्पिला असे लिहून ठेवले आणि पूर्वी येथे मेद लोक राहत असे म्हटले. ते निनवे होते. पतनानंतर अवघ्या दोन शतकांत तेथून जाणाऱ्या जाणत्या माणसालाही ते नाव कळले नाही. कवीचे भाकीत याहून अधिक खरे ठरू शकत नाही.

पण त्या जागेच्या एका टेकाडाला दुसरे नाव मिळाले. मोसुलच्या समोर, नदीच्या पूर्व तीरावर, निनवेच्या दोन प्रमुख टेकाडांपैकी एकाला नबी युनुस म्हणतात. युनुस म्हणजे योना. तेथे त्याची कबर मानली जाई. आधी ख्रिस्ती मठ आणि पुढे मशीद तेथे उभी राहिली. ज्या नगराचा नाश पाहण्यासाठी योना बाहेर जाऊन बसला त्या नगराने त्यालाच आपला म्हणून पुरून ठेवले होते. आणि पूर्वेकडील सुरियानी परंपरेच्या मंडळ्या, त्यांत केरळातील सुरियानी ख्रिस्तीही आले, दर वर्षी तीन दिवस निनवेचा उपवास पाळतात. योनाचा नव्हे, निनवेचा. इशारा देणाऱ्याच्या जागी उभे न राहता इशारा मिळालेल्यांच्या जागी बसून ही कथा वाचणारे ते वाचक आहेत. समासात त्यांनी स्वतःचे नाव लिहिले आहे.

२००३ साली इराकवरील आक्रमणाच्या बातम्यांत मोसुलचे नाव येऊ लागले, तेव्हा प्राध्यापकांनी नकाशा काढून पाहिला. ‘वॉशिंग्टन’ हे त्यांचे १९७१ सालचे निनवे आता खऱ्याखुऱ्या निनवेच्या भूमीवर सैन्य घेऊन उतरले होते. कोणाला कोणता इशारा लागू करावयाचा, हे समासावरून कळेनासे झाले. २०१४ च्या जूनमध्ये इस्लामिक स्टेटने मोसुल घेतले. जुलैत तेथील ख्रिस्ती कुटुंबांना नगर सोडावे लागले, आणि त्याच महिन्यात योनाची मशीद सुरुंग लावून उडविण्यात आली. ऑगस्टमध्ये निनवेच्या मैदानातील ख्रिस्ती गावेही रिकामी झाली. दूरचित्रवाणीवर गाड्यांत सामान भरून निघालेली कुटुंबे दिसत होती. लाखीशच्या शिल्पातील बैलगाडी आणि ती वाहने यांच्यात २७०० वर्षांचे अंतर होते. या वेळी निघालेले लोक निनवेचे होते. २०१७ साली नगर परत घेतल्यावर पुरातत्त्वज्ञ त्या टेकाडाखाली उतरले. लुटारूंनी खणलेल्या बोगद्यांतून त्यांना सन्हेरीबाच्या मुलाच्या, एसर-हद्दोनाच्या, राजवाड्याचे अवशेष दिसले. संदेष्ट्याच्या कबरीने इतकी शतके झाकून ठेवलेले ते निनवे होते.

योनाच्या पुस्तकाचा शेवट पुन्हा त्या नगराबाहेरच्या जागेवर होतो. सावली देणारे झुडूप वाळले म्हणून योना मरण मागत आहे. त्याला विचारले जाते की, न लावलेल्या, न वाढविलेल्या झुडपाची तुला इतकी कळकळ, तर उजवा-डावा हात न कळणाऱ्या १,२०,००० हून अधिक माणसांची आणि पुष्कळ गुरांची मला असू नये काय? योनाचे उत्तर दिलेले नाही. अनेक भाष्यकारांनी त्याच्या वतीने उत्तर देण्याचा प्रयत्न केला आहे, पण संहिता तेथे थांबते.

प्राध्यापकांनी नहूमच्या समासातील एकही नाव खोडले नाही. खोडरबर हाती घेऊन त्यांनी ते पुन्हा ठेवून दिले. ती नावे लिहिली तेव्हा ज्यांचे घर गेले होते त्यांच्या वतीने ती लिहिली होती, आणि त्यांचा अधिकार खोडण्याचा अधिकार त्यांना नव्हता. त्यांनी इतकेच केले की त्या जुन्या विद्यार्थ्याचा पत्ता शोधला आणि त्याला पत्र लिहिले : ती कविता चांगली होती, मी खोटे बोललो होतो, तुझ्याजवळ तिची प्रत असेल तर मला ती पुन्हा वाचावयाची आहे. पत्राला अजून उत्तर आलेले नाही. योनाच्या समासात त्यांनी पत्र टाकल्याची तारीख लिहून ठेवली आहे.